दोन ढगाळ दिवसांची तरतूद

खोली पाहायला मी सरांच्या घरी गेले, तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, घरी कोण कोण असतं हेही विचारलं नाही. पडवीतल्या वेताच्या खुर्चीत बसून ते एका पुठ्ठ्यात खिळा ठोकत होते. वर न पाहताच त्यांनी विचारलं, "रात्री किती वाजेपर्यंत वाचता?"

मी चाचरत म्हणाले, "अकरा... कधी साडेअकरा."

"आडवं पडून की टेबलाशी बसून?"

मी तेव्हा नांदगावहून नुकतीच नाशिकच्या एका महाविद्यालयात मराठीची अधिव्याख्याती म्हणून रुजू झाले होते. अनोळखी पुरुषाला आपण आडवं पडून वाचतो असं सांगणं मला अवघड वाटलं. माझं गप्प राहणं त्यांनी बरोबर ओळखलं असावं. "म्हणजे आडवं पडून," ते म्हणाले. दोन दिवसांनी मी सामान घेऊन आले तेव्हा खाटेच्या उशाशी एक छोटा दिवा बसवलेला होता आणि टेबलावर दुसरा, त्याहून मोठा. छताला मात्र दिवा नव्हता. "छताला वाचायला कोण जातं?" असं सरांनी मला नंतर समजावून सांगितलं.

सर त्याच महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून मी येण्याआधीच्या वर्षी निवृत्त झाले होते. 'गरज सांगा' हे त्यांचं पालुपद होतं. बंगल्याच्या फाटकाशी भाजीची गाडी आली, की भाजीवाली हाक मारी, "सर, वांगी देऊ का? लय गोड हायेत." सर म्हणत, "गोडीचं नंतर. आधी गरज ठरू दे." मग आत वळून, "अगं, माणसं किती, वेळा किती, आणि प्रत्येकी वांगी किती?" आतून काकूंचं उत्तर येई, "अर्धा किलो घ्या आणि आत या!" भाजीवालीनं तोवर अर्धा किलो तोललेलं असे. तिला ते उत्तर ठाऊक होतं. पण सरांचा प्रश्न संपल्याशिवाय तिनं कधी पारडं उचललं नाही. हे तिचं सौजन्य होतं की तिलाही त्या प्रश्नाची गोडी लागली होती, हे मला सांगता यायचं नाही.

सरांचे नियम तीन होते. पहिला गरजेचा. दुसरा ढगांचा: जे काही साठवायचं ते दोन ढगाळ दिवस पुरेल एवढं हवं. घरात साखर दोन ढगाळ दिवसांपुरती जास्त असे, रजा दोन ढगाळ दिवसांपुरती शिल्लक ठेवावी असा त्यांचा सल्ला असे, आणि माझ्या पहिल्या जाहीर व्याख्यानाच्या आधी मी टिपणं पुन्हा पुन्हा चाळू लागले तेव्हाही त्यांनी एवढंच सांगितलं, "लागतील त्यापेक्षा दोन मुद्दे जास्त तयार ठेवा. मधेच आभाळ भरून आलं तर उपयोगी पडतील." व्याख्यानात आभाळ भरून आलंच, आणि ते दोन मुद्दे उपयोगी पडले.

तिसरा नियम अर्ध्याचा. साठवलेलं कधी अर्ध्याखाली जाऊ द्यायचं नाही. चहा ते अर्धा कप घेत. विनोद सांगताना अर्ध्यावर थांबत आणि उरलेला दुसऱ्या दिवशी सांगत; तोवर ऐकणारा विसरलेला असे, पण सर विसरत नसत. काकूंशी भांडणही अर्ध्यावर सोडून ते गच्चीवर निघून जात. काकू जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून म्हणत, "उरलेलं अर्धं मी एकटीनं भांडू काय?" अर्ध्याच्या खाली न उतरण्याची सवय खरं तर मलाही होती, त्यांना भेटण्याच्या आधीपासून. त्यांच्याकडे ती तरतूद होती, माझ्याकडे भीती. वर्गात, सभेत, लिहिण्यात मी स्वतःला नेहमी राखून ठेवत आले. इतकं, की पहिल्यांदा लिहायला बसले तेव्हा माझी निवृत्तीही मागे पडली होती.

हे तिन्ही नियम ते बॅटरीवरून शिकले होते, आणि बॅटरीशी त्यांचा संबंध आला तो काकूंच्या दिव्यामुळे.

काकूंचं माहेर मनमाडचं. वडील रेल्वेत. क्वार्टरच्या खिडकीतून यार्डातल्या उंच खांबांवरच्या दिव्यांचा उजेड रात्रभर खोलीत येत असे. त्या उजेडात त्या जन्मल्या, वाढल्या आणि झोपल्या. अंधारात झोपायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. "भीती नाही गं वाटत," त्या मला एकदा म्हणाल्या, "पण अंधार झाला की वाटतं, काहीतरी बंद पडलंय. मग सारखं उठून बघावंसं वाटतं, काय बंद पडलं ते." म्हणून त्यांच्या खोलीत रात्रभर एक लहान दिवा जळत असे. आणि म्हणूनच लग्नानंतरच्या साऱ्या वर्षांत त्या माहेर सोडून कुणाकडे मुक्कामाला गेल्या नव्हत्या. नणंदेच्या घरी लग्न असलं तरी शेवटच्या एस.टी.नं परत. तीर्थाला नाही, थंड हवेला नाही. "दुसऱ्याच्या घरात रात्रभर दिवा ठेवा म्हणायचं कसं? आणि धर्मशाळेत बाकीच्यांनी झोपायचं कसं?"

सरांनी यावर कधी वाद घातला नाही. सवय मोडायला सांगितलं नाही, की लाजायचं काय त्यात, असंही म्हणाले नाहीत. त्यांनी ती गरज म्हणून स्वीकारली, आणि निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतून देवळाली कॅम्पातल्या एका लिलावात लष्कराची जुनी रुग्णवाहिका विकत घेतली.

ती गाडी बंगल्याच्या अंगणात येऊन उभी राहिली त्या दिवशी गल्लीतली सगळी मुलं गोळा झाली होती. समोरच्या बंगल्यातले वकील कुंपणावरून म्हणाले, "सर, घरात कुणी आजारी आहे काय?"

"नाही. घरच फिरायला निघालंय," सर म्हणाले.

पुढचं वर्षभर त्या गाडीत सुतारकाम चाललं. जिथं जखमी सैनिक झोपवत, तिथं दोन बाकं झाली, त्यांच्याखाली खण झाले, मागच्या बाजूला स्टोव्ह ठेवायला पत्र्याची चौकट झाली. पण हे सगळं सर सुताराच्या भरवशावर सोडून देत. त्यांचा जीव होता टपावर. त्यांचा एक जुना विद्यार्थी उन्हापासून वीज करणाऱ्या पट्ट्या बनवण्याच्या कामात होता. त्याच्या खटपटीनं कुठल्याशा संपलेल्या प्रयोगातल्या दोन पट्ट्या सरांच्या हाती आल्या. काचेखाली गडद निळ्या चकत्या ओळीनं मांडलेल्या. आज अशा पट्ट्या घराघरांवर दिसतात. तेव्हा आम्ही त्यांच्याकडे, दुसऱ्याच्या देवघरात पाहावं तसं, हात मागे बांधून पाहिलं.

सर आणि काकू पडवीच्या फरशीवर गरज ठरवायला बसले ते मला स्पष्ट आठवतं. सरांना कागद आवडत नसे. ते खडूनं फरशीवर मांडणी करीत आणि संध्याकाळी काकू ओल्या फडक्यानं ती पुसून टाकीत. त्यामुळे रोज सकाळी सरांना पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागे, आणि तेच त्यांना हवं असे.

"दिवा," सर म्हणाले. "रात्रभर. म्हणजे दहा तास धरू."

"पहाटे मी उठते. नऊ धरा."

"दहाच. हिवाळ्यात रात्र मोठी असते. स्कूटरच्या मागच्या दिव्यातला बल्ब लावला तर पाच वॉट. पाच दाहे पन्नास. पंखा?"

"तुम्हाला लागतो पंखा. मला नाही."

"पंखा. चार तास. रेडिओ?"

"बातम्यांपुरता."

"आणि गाण्यांपुरता," सर म्हणाले आणि रेडिओचे तास वाढवले. मग सगळ्याची बेरीज करून ते सूर्याकडे वळले. दिवस बारा तासांचा असला तरी ऊन पाच तासांचंच धरायचं, असं त्यांनी मला शिकवलं. सकाळचं तिरपं, संध्याकाळचं मऊ. कामाचं ते मधलंच. शिवाय तारेत थोडी गळती, बॅटरीत थोडी, धुळीत थोडी. "माणसाचंही तसंच असतं, बाई. बारा तासांत पाच तास मिळाले तर चांगला माणूस समजायचा." त्यानंतर दोन ढगाळ दिवसांची भर. त्यानंतर, अर्ध्याखाली जायचं नाही म्हणून, आलेल्या आकड्याची दुप्पट. सगळं झाल्यावर फरशीवर जो आकडा उरला, त्याला ट्रकची बॅटरी लागत होती.

"एवढ्याशा दिव्याला ट्रकची बॅटरी?" काकू म्हणाल्या.

"दिव्याला नाही. तुझ्या झोपेला," सर म्हणाले. मग आपण काहीतरी जास्त बोलून गेलो असं वाटून खडूची भुकटी झटकत गच्चीवर गेले.

काकूंनी फरशीवरचा आकडा पुन्हा वाचला. मग त्यांनी आपली अट सांगितली; गच्चीवर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितली. "येते मी. पण एक ध्यानात ठेवा. एकदा जरी तो दिवा मधेच गेला, तर मिळेल त्या एस.टी.नं परत. आणि पुन्हा मी या गाडीत पाय ठेवायची नाही. मग खुशाल एकटे फिरा."

वरून फक्त "मान्य" असं ऐकू आलं.

एकटं फिरणं सरांना कधीच शक्य होतं. त्यासाठी त्यांना गाडी लागली नसती, पट्ट्या लागल्या नसत्या, खांद्याला एक पिशवी पुरली असती. हे त्या दोघांनाही ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. त्या एका 'मान्य'वर सरांची सगळी निवृत्ती टांगलेली होती.

परीक्षा संपल्या आणि मे महिन्यात आम्ही निघालो. आम्ही म्हणजे ती दोघं आणि मी. मला नेण्याचं कारण काकूंनी सरळ सांगितलं: "हे दिवसभर त्या बॅटरीच्या काट्याकडे बघत बसणार. मला बोलायला माणूस हवं." पेठच्या बाजूला, डोंगरांच्या कुशीत एका लहान धरणाचं पाणी पसरलं होतं. त्याच्या काठाला एका मोकळ्या माळावर सरांनी गाडी उभी केली. शेजारी जुनं आंब्याचं झाड होतं, पण त्याच्या सावलीत गाडी लावायला त्यांनी साफ नकार दिला. "सावलीत आपण बसायचं. गाडीनं उन्हात."

खरं म्हणजे मे महिन्यात घर सोडायला काकू तयार नव्हत्या. ते दिवस वाळवणाचे. कुरडया झाल्या होत्या, उडदाचे पापड झाले होते, साबुदाण्याच्या पापड्या राहिल्या होत्या. "तिकडेही ऊन असतंच," असं सर बोलून गेले होते, आणि त्या वाक्याचा आधार घेऊन काकूंनी पातेलं, पळी, साबुदाणा आणि एक जुनं मऊ धोतर बाकाखालच्या खणात भरलं होतं.

पहिली रात्र सुखाची गेली. बाकाच्या वर, एका कागदी टोपीआड, तो इवलासा दिवा जळत होता. उजेड एवढाच, की उशाजवळ ठेवलेला चष्मा दिसावा. मी मधे एकदा जागी झाले तेव्हा काकू गाढ झोपल्या होत्या, आणि सर गाडीच्या पायरीवर बसून त्यांच्याकडे पाहत होते. मी डोळे मिटून घेतले.

सकाळी दूध घालायला जवळच्या पाड्यावरचे एक म्हातारे बाबा आले. बरोबर त्यांची बायको. बाबांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, टपाकडे पाहिलं, आतल्या दिव्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सायेब, ऊन तं दिसाचं. दिवा रातचा. मंग ह्ये जमतं कसं?"

सरांना इतका चांगला प्रश्न महाविद्यालयात कुणी विचारला नसावा. बाबांची बायको काकूंजवळ थांबली आणि सरांनी बाबांना आणि मला घेऊन धरणाच्या भिंतीकडे कूच केलं. पावसाचं पाणी अडवून उन्हाळ्यात वापरतात, तसं दिवसाचं ऊन अडवून रात्री वापरायचं; भिंत म्हणजे बॅटरी; पाणी तळाला जाऊ द्यायचं नाही, गाळ ढवळतो. हे समजावता समजावता आम्ही भिंत, सांडवा आणि खालचं ओढ्याचं पात्र पाहून दुपार कलल्यावर परतलो. बाबांना सगळं समजलं होतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "आन् धरान भरलंच नाय तं?"

"मे महिन्यात ऊन नाही असं होत नाही, बाबा," सर हसून म्हणाले.

त्या संध्याकाळी काकूंनी आम्हाला ओलसर, अर्धवट वाळलेल्या साबुदाण्याच्या पापड्या खायला दिल्या. अर्धवट वाळलेली पापडी ही ज्यांनी लहानपणी चोरून खाल्ली आहे त्यांनाच कळणारी चीज. सर एक पापडी तोंडात टाकून आत गेले, बॅटरीतला साठा दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं, आणि चावायचे थांबले.

काटा जिथं असायला हवा होता तिथं नव्हता. आदल्या रात्रीचा खर्च वजा झालेला होता, आणि दिवसभराची जमा शून्य होती.

"वारा आहे का जोराचा? तार हलली असेल," ते म्हणाले. तार हललेली नव्हती. त्यांनी काकूंकडून खाण्याचा सोडा मागून घेतला आणि बॅटरीची टोकं घासली. आणखी एक पापडी खाल्ली. मग बॅटरीत दम आहे की नाही हे तपासायला मोठा बल्ब लावून पाहिला. तो झगझगीत पेटला आणि काटा आणखी खाली आला. तपासणीनंच खर्च वाढला. त्या रात्री सरांनी स्वतःचा पंखा लावला नाही, रेडिओही लावला नाही. मे महिन्याच्या उकाड्यात ते बाहेर आंब्याखाली सतरंजी टाकून पडले. काकूंचा दिवा मात्र जळत राहिला.

दुसऱ्या सकाळी निदान ठरलं: बॅटरीतलं पाणी. नाशिकहून शुद्ध केलेलं पाणी आणायला हवं. काकू मला म्हणाल्या, "तू जा गं यांच्याबरोबर. नाहीतर दुकानदाराशी वाद घालत तिथंच मुक्काम ठोकतील." बाबांची बायको सोबतीला बसायला आली आणि आम्ही रस्त्यावर जाऊन एस.टी. धरली.

बॅटरीवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, बॅटरी मी स्वतः दिलीय, तिला काही होणार नाही. तुमचं ऊनच कमी पडत असेल."

"मे महिन्यात?" सर म्हणाले. दुकानातली सगळी माणसं हसली. सरही हसले, पण अर्धंच. परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर आकाशाकडे पाहत होते. आकाशात पुसून काढल्यासारखी निळाई होती. "दोन ढगाळ दिवस धरले होते," ते मधेच म्हणाले, "पण ढग न येता ढगाळ दिवस येतात, हे कुठल्याच पुस्तकात नाही."

आम्ही पोहोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. बॅटरीत पाणी घालून झालं. काटा तसूभर हलला नाही. सरांनी काट्याच्या काचेवर अर्ध्याची खूण म्हणून लाल रंगाची एक रेघ ओढून ठेवली होती. काटा नेमका त्या रेघेवर येऊन टेकला होता. आता एकच जागा पाहायची राहिली होती, आणि ती सर्वांत आधी पाहायला हवी होती असं आज वाटतं. पण ज्यानं उन्हावर इतका विश्वास टाकलेला असतो, त्याला उन्हाकडे संशयानं पाहायचं सुचत नसावं. सर शिडीनं टपावर चढले.

वरून काचेवर नख घासल्याचा आवाज आला.

मग ते म्हणाले, "अगं, इथं काचेवर हे पांढरे गोल कसले?"

काकू स्टोव्हजवळून म्हणाल्या, "गोल? अहो, खळ असेल. धोतरातून पाझरते थोडी. उद्या पुसते मी ओल्या फडक्यानं."

"कसली खळ?"

"साबुदाण्याची! दोन दिवस तिथंच तर घातल्यात पापड्या. काय सुरेख जागा आहे हो ती. सपाट, स्वच्छ, कुत्रं नाही, धूळ नाही. बाबांच्या बायकोनं आणि मी सकाळी पसरल्या आणि दुपार कलताच काढल्या. खाऊन बघा ना, कशा खुटखुटीत वाळल्यात."

सर टपाच्या कडेशी आले. त्यांच्या मागे मावळतीचं आकाश होतं, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. "त्या पट्ट्यांवर?" त्यांनी हळू विचारलं.

"दिवसा कुठं तुमचं काही चालू असतं?" काकू म्हणाल्या. "दिवा रात्री लागतो, पंखा रात्री लागतो. दिवसभर त्या फळ्या रिकाम्याच पडून होत्या. म्हटलं, तेवढाच उपयोग."

धरणाचा, पाण्याचा, भिंतीचा तो सगळा सुंदर दृष्टांत सरांनी बाबांना सांगितला होता, मला सांगितला होता. ज्यांच्यासाठी धरण बांधलं त्यांना सांगायचा राहून गेला होता. घरात बटण बंद केलं की मीटर थांबतो, एवढं काकूंना चांगलं ठाऊक होतं, आणि त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला आजही चुकीचा म्हणवत नाही.

वरून आवाज आला तो हसण्याचा. सर खाली बसले होते आणि हसत होते. अर्ध्यावर न थांबता हसत होते. मी त्यांना तसं हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं. "म्हणजे गणित बरोबर होतं!" ते म्हणाले. "दोन ढगाळ दिवस धरले होते, आणि दोनच आले! अगं, कुठलं धोतर घातलं होतंस?"

"तुमचंच. लग्नातलं."

हे ऐकून ते पुन्हा हसले. मग शिडीवरून उतरून त्यांनी काकूंना सगळं नीट सांगितलं, पाच मिनिटांत, धरणाशिवाय. काकूंचा हात पिठात तसाच राहिला. त्या काट्याच्या लाल रेघेकडे पाहू लागल्या.

तेवढ्यात बाबा दुधाची चरवी घेऊन आले. त्यांच्या दुसऱ्या हातात कंदील होता. बायकोनं काहीतरी सांगितलं असावं. "मावशे," ते काकूंना म्हणाले, "सायेबाचा दिवा बिघाडला म्हने. ह्यो ठिवा रातच्याला. त्याल भरेल हाय."

काकूंना उजेडच हवा होता. तो कुठून येतो याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. कंदील घेतला असता तर त्यांची झोप झाली असती, आणि सरांची बॅटरीही वाचली असती. त्यांनी सरांकडे पाहिलं. सर दुसरीकडे पाहत होते, चपलेनं माती सारखी करत होते.

"राहू द्या, बाबा," काकू म्हणाल्या. "आमचा दिवा आहे." मग बाबा पाठमोरे झाल्यावर, अगदी खालच्या आवाजात, "अहो, राहील ना?"

सरांनी काट्याकडे पाहिलं. रेघेच्या खाली आजवर ते कधी गेले नव्हते. बॅटरीच्या बाबतीत नाही, आणि कशाच्याच बाबतीत नाही. रेघेखाली उतरलेली बॅटरी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, हे त्यांनी मला कितीदा तरी ऐकवलं होतं.

"राहील," ते म्हणाले.

त्या रात्री दिवा जळला. सकाळी मी उठले तेव्हा तो पिवळ्याचा तांबूस झाला होता, तार नुसती निखाऱ्यासारखी दिसत होती, पण ती विझली नव्हती. काकू उठल्या, त्यांनी पदर सावरला, बटणाकडे हात नेला आणि ते दाबण्याआधी थोडं थांबल्या. "राहिला हो," त्या म्हणाल्या. बाहेर सर दाढी करत होते. त्यांनी मान हलवली आणि गालावरचा साबण तसाच ठेवून टपावर चढून काच पुसायला लागले. आणखी दोन रात्री आम्ही तिथं राहिलो. परत निघताना काकूंनी मला आंब्याखाली उभं करून विचारलं, "पुढच्या वर्षी हे कुठं न्यायचं म्हणत होते गं?"

बॅटरीवाल्यानं नंतर बॅटरी तपासून कपाळाला हात लावला. "सर, हिचं वर्षभर आयुष्य गेलं. कुणी इतकी उतरवली?"

"साबुदाण्यानं," सर म्हणाले.

त्यानंतर बरीच वर्षं ती दोघं त्या गाडीतून हिंडली. दर उन्हाळ्यात अंगण रिकामं व्हायचं, आणि समोरचे वकील मला विचारायचे, "घर कुठं गेलंय सध्या?" मी त्यांच्याबरोबर पुन्हा गेले नाही. काकूंना आता बोलायला माणूस लागत नव्हतं.

पण त्या पहिल्या सफरीनंतरच्या चैत्रातली एक सकाळ मला सांगायची आहे. सर खडू घेऊन फरशीवर उकिडवे बसले होते. मी कॉलेजला निघाले होते, पायरीवर चपला घालत होते. काकू तांदूळ निवडत होत्या.

"गरज सांग," सर म्हणाले.

काकूंनी दिवा सांगितला, पंखा सांगितला, रेडिओ गाण्यांसकट सांगितला. सरांनी बेरीज केली आणि सवयीनं खाली दोनाचा आकडा मांडला.

"ते काय, ढगाळ दिवस ना?" काकूंनी सूप बाजूला ठेवलं. "तीन धरा."

"तीन? उन्हाळ्यात तीन कशाला? पुस्तकात सुद्धा—"

"दोन आभाळाचे," काकू म्हणाल्या, "आणि एक माझा."

सरांनी वर पाहिलं. मग दोनाचा आकडा तळहातानं पुसला, आणि फरशीवर मोठा, ठसठशीत तीन काढला. त्या संध्याकाळी मी घरी आले, तेव्हा पडवी नेहमीसारखी पुसून लख्ख झालेली होती. फडकं फक्त त्या तिनाला वळसा घालून गेलं होतं.